मार्चचा निधी, मेमधले झाड

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, बीड.



हे पत्र धर्मापुरीहून लिहिले असले तरी मागणी एकट्या धर्मापुरीची नाही. अंबाजोगाई, परळी, केज, धारूर, माजलगाव ही शहरे आणि धर्मापुरीसारखी, ना धड खेडे ना धड शहर अशी मोठी गावे, यांच्या हद्दीत कोणाच्याच लेखी नसलेली बरीच जागा असते. ओढ्यांचे काठ, बारवांचा भोवताल, देवस्थानांची आवारे, स्मशानभूमी, शाळांची मैदाने, गायरानाचे उरलेसुरले तुकडे. आज तिथे वेडी बाभूळ, गाजर गवत आणि प्लॅस्टिक आहे. मूळचा झाडझाडोरा, गवत, पाखरे, मधमाश्या तिथे परत येऊ शकतात, आणि ते काम स्थानिक लोक करू शकतात. त्याला पैसा लागतो हे उघड आहे. पण माझे म्हणणे रकमेबद्दल कमी आणि पैसा कोणाच्या हातात, कोणत्या महिन्यात आणि कशाच्या मोजमापावर जातो याबद्दल जास्त आहे. हा पैसा लोकांच्याच जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या खात्यात, थोडा थोडा, पाच वर्षे सलग द्यावा आणि किती लावले यापेक्षा किती जगले यावर मोजावा, एवढीच विनंती आहे.

लागवडीसाठी महाराष्ट्राने हात आखडला, असे कोणी म्हणणार नाही. 2016 मध्ये 1 जुलैला एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला. पुढच्या वर्षी चार कोटी, 2018 ला तेरा कोटी आणि 2019 च्या पावसाळ्यात तेहतीस कोटी. आकडे चढत गेले, आणि त्यातली किती जगली हा प्रश्न शेवटी विधिमंडळाच्या समितीपुढे गेला. त्या चौकशीच्या राजकारणात मला शिरायचे नाही. मला दिसते ते एवढेच की हे सगळे आकडे लागवडीचे होते. खड्डा खणला की मोजता येतो, रोप विकत घेतले की पावती मिळते, वाहतुकीचे बिल लागते. त्यानंतरचे पाणी, कुंपण, राखण, आळे करणे आणि मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावणे यांचे लेखाशीर्ष एक तर नसते किंवा असले तरी त्यातला पैसा संपलेला असतो. बीडमध्ये पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरला उरकतो. त्यानंतरचे आठ महिने रोपाला जगायचे असते. सरकारी वर्ष मार्चमध्ये संपते, फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्चाची घाई उडते, आणि एप्रिल-मे हे रोपाचे खरे परीक्षेचे महिने नव्या वर्षाच्या मंजुरीची वाट पाहण्यात जातात. निधीचे पंचांग आणि झाडाचे पंचांग जुळत नाही. जुलैतले उत्तम रोप मेमध्ये का मरते, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

उरलेले निम्मे उत्तर या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर इथली लाखो माणसे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे जुलैत ज्या हातांनी झाड लावले, ते हात झाडाला पाण्याची गरज असते तेव्हा गावात नसतात. मुंबई-पुण्यात बसून आखलेली कोणतीही ‘लोकसहभागा’ची योजना हे लक्षात घेत नाही. श्रमदानावर भिस्त ठेवायची तर श्रमदान करणारा माणूस गावात असावा लागतो, आणि तो असायचा तर त्याच्या चुलीची सोय आधी लागते. म्हणून नोव्हेंबर ते जून या काळात राखण आणि पाणी यांची मजुरी हा जैवविविधतेच्या निधीचा गाभा असला पाहिजे. त्यातून प्रत्येक मोठ्या गावात दोन-चार कुटुंबांना उचल न घेता गावात थांबता आले, तर तो या निधीचा दुय्यम फायदा आहे, पण त्या कुटुंबांच्या शाळकरी मुलांसाठी तो दुय्यम नाही.

आता हा पैसा कोणाला द्यायचा? त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, कारण कायद्याने ती दोन दशकांपूर्वीच उभी केली आहे. जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे. पुढच्याच कलमांत स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. राज्य सरकारने त्यात अनुदान द्यावे, इतर मार्गांनी आलेली रक्कमही त्यात जमा व्हावी, ती त्या परिसराच्या संवर्धनासाठी आणि लोकांच्या हितासाठी वापरावी, हिशेबाचे लेखापरीक्षण व्हावे आणि वार्षिक अहवाल जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जावा, इथपर्यंत सगळे लिहून ठेवले आहे. सत्तेच्या विकेंद्रीकरणाची इतकी नेमकी तरतूद आपल्याकडच्या फार थोड्या कायद्यांत सापडेल. लोकांच्या हातात जैवविविधतेची नोंदवही देण्याची मूळ कल्पना माधव गाडगीळांची. गावातल्या धनगराला, वैदूला, माळकरी म्हातारीला जे माहीत आहे ते लिहून काढा आणि त्या ज्ञानावर गावाचा निर्णय उभा करा, असा त्यामागचा विचार.

प्रत्यक्षात काय झाले? बरीच वर्षे कायदा कपाटात राहिला. मग राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये बडगा उगारला: 31 जानेवारी 2020 पर्यंत सर्वत्र समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याने दरमहा दहा लाख रुपये भरावेत. मुदतीच्या धाकाने महाराष्ट्रात अठ्ठावीस हजारांवर समित्या स्थापन झाल्या. नोंदवह्याही झाल्या, पण अनेक ठिकाणी त्या गावाने लिहिण्याऐवजी गावासाठी कोणीतरी लिहून दिल्या. एकाच तालुक्यातल्या दोन गावांच्या वहीत तीच झाडे त्याच क्रमाने सापडली तर फार आश्चर्य वाटू नये. ज्या समितीच्या खात्यात रुपया नाही, जिला वर्षभर करण्यासारखे काही नाही, तिची बैठक का व्हावी? समित्या निष्क्रिय आहेत म्हणून निधी नाही, असे कार्यालय म्हणते. मला हा क्रम उलटा वाटतो.

‘जैवविविधता पुनर्स्थापना’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रोपांचा ट्रॅक्टर येतो, म्हणून काम कोणते हेही स्पष्ट करायला हवे. बीडची बरीचशी जमीन मुळात माळरानाची आणि बालाघाटच्या खडकाळ उतारांची. तिथली श्रीमंती गवतात आहे: पवन्या, मारवेल, कुसळी. त्यांच्यासोबत हिवर, बाभूळ, बोर, खैर, पळस, धावडा, अंजन, कडुनिंब, आणि ओढ्याकाठी उंबर, करंज. याच उतारांवर आपोआप वाढलेल्या सीताफळाला 2016 मध्ये ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते पाणी न मागता मिळाले. अशा माळावर गिरिपुष्प आणि गुलमोहराच्या रांगा लावणे म्हणजे हिरवा रंग देणे, एवढेच. चंडोलाला घरटे करायला गवत लागते, रांगेत उभी झाडे त्याच्या कामाची नाहीत. काही ठिकाणी तर एकही रोप न लावता नुसते चराईचे पाळीपाळीने नियमन आणि वेड्या बाभळीचे उच्चाटन केले तरी दोन पावसाळ्यांत माळ ओळखू येणार नाही इतका बदलतो. उलट धर्मापुरीच्या चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासारख्या वास्तूच्या दगडांत पिंपळ रुजला तर तो पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली काढावाच लागतो. जिथे तिथे झाड हे या कामाचे ध्येय नाही. कुठे काय हवे, हे नोंदवही नीट लिहिली तर तीच सांगेल. ती नीट लिहायला योगेश्वरी महाविद्यालयासारख्या संस्थांचे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक-विद्यार्थी आणि अंबाजोगाईचे कृषी महाविद्यालय हाताशी आहे. तज्ज्ञ लागतात हे मान्य. मात्र त्यांनी समितीच्या शेजारी बसावे, डोक्यावर नको.

लोक हे करतील का, या शंकेला जिल्ह्यानेच उत्तर दिलेले आहे. 2016 च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी पानी फाउंडेशनने राज्यातून तीन तालुके निवडले, त्यात वरूड आणि कोरेगावसोबत आपला अंबाजोगाई होता. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्याच उन्हाळ्यात या तालुक्यातली गावे पहाटे टिकाव-फावडे घेऊन डोंगरावर जात होती. त्याआधी तीन दशके ‘मानवलोक’ संस्थेने याच भागात पाणलोटाचे काम लोकांना बरोबर घेऊन केले. बीडजवळ पालवनच्या उजाड डोंगरावर ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपद वडाला दिले गेले. त्या कल्पनेचे कौतुक झाले ते योग्यच. पुढे तिथे आगी लागल्याच्याही बातम्या आल्या. संमेलनाला गर्दी मिळते, वणवा विझवणाऱ्या आणि जाळपट्टे काढणाऱ्या माणसाला मजुरी मिळत नाही, ही आपली नेहमीची अडचण. उत्साह या जिल्ह्यात कमी नाही. उत्साह ओसरल्यावरच्या पाच वर्षांचा खर्च कोणी उचलत नाही.

पैसा आणि निर्णय दोन्ही लोकांकडे दिले तर लोक झाड तोडून विकतील, अशी भीती वरच्या मजल्यावर नेहमी व्यक्त होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः सुरू केली, मजुरी आणि हिशेब स्वतः ठेवला, आणि तेंदूपान तोडणे मात्र स्वतःहून बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात. हातात येणारे उत्पन्न गावाने सोडले. कोणत्याही खात्याच्या आदेशाने हे झाले नसते. पाचगावकडे जंगल होते, आपल्याकडे माळ आणि गावठाण आहे, हा फरक मोठा आहे. तरी मुद्दा टिकतो: निर्णय आपला आणि त्याचे फळही आपल्याच पदरात, असे असेल तिथे माणसे लांबचा विचार करतात. शहरांतले उदाहरण हवे असेल तर न्यूयॉर्कचे पाहावे. तिथल्या पडीक, कचऱ्याने भरलेल्या भूखंडांवर रहिवाशांनी बागा केल्या, आणि 1978 पासून ‘ग्रीनथंब’ या योजनेतून शहर त्यांना माती, अवजारे, प्रशिक्षण देत आले. आज अशा साडेपाचशेवर बागा आहेत. रकमा लहान, पण चार दशकांहून अधिक काळ न तुटलेल्या. त्याच शहराने 1999 मध्ये शंभरावर बागांचे भूखंड लिलावात काढले होते, आणि स्वयंसेवी संस्थांनी ते विकत घेतले म्हणून बागा वाचल्या. पैशासोबत जागेची लेखी हमी लागते, हा त्यातला धडा आपल्याला जास्त लागू आहे. ओढ्याकाठी समितीने पाच वर्षे राखलेला तुकडा सहाव्या वर्षी व्यापारी संकुलाला दिला, तर पुन्हा कोणी फावडे हातात घेणार नाही.

सरकारऐवजी उद्योगांनी हा खर्च उचलावा, असे सुचवले जाते. छत्रपती संभाजीनगरमध्ये खाम नदीच्या कामात महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व संस्था एकत्र आल्या, आणि मराठवाड्यातल्या शहरी नदीवर असे काम होऊ शकते हे त्यांनी दाखवले. पण तिथे वाळूज-चिकलठाण्याला कारखाने आहेत. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करताना स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायचे असते, म्हणजे तो पैसा कारखान्याच्या मागे जातो. ज्या जिल्ह्यात कारखाने थोडे, तिथे तो थोडाच येणार. बीडसारख्या जिल्ह्याने त्यावर विसंबणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीच्या भरवशावर ऊस लावणे. ग्रामपंचायतींकडे पाहावे तर पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, उरलेल्यात गटारे आणि दिवे. म्हणून हा प्रश्न आपल्या समितीपुढे मांडतो आहे. जिल्ह्याच्या गरजेप्रमाणे निधी वळवण्याची मोकळीक जिल्हा नियोजनात आहे आणि नावीन्यपूर्ण योजनांसाठी हिस्साही राखलेला असतो.

सर्वात वजनदार आक्षेप असा: माणसांना टँकरने पाणी पुरवावे लागते त्या जिल्ह्यात पाखरांसाठी पैसा कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला ‘पर्यावरणाचे महत्त्व’ सांगून उत्तर देता येत नाही. उत्तर हिशेबाचे आहे. 2019 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या चालवाव्या लागल्या. गवताचा माळ राखलेला असता तर छावण्या लागल्याच नसत्या असे मी म्हणणार नाही, पण त्या उशिरा लागल्या असत्या आणि लवकर बंद झाल्या असत्या. ओढ्याच्या काठावर मुळे धरणारी झाडे आणि गवत असेल तर माती तळ्यात जात नाही आणि गाळ काढण्यावर दर काही वर्षांनी खर्च करावा लागत नाही. स्थानिक जातीचे झाड पहिली दोन-तीन वर्षे सांभाळले की पुढे पाणी मागत नाही, शोभेचे झाड कायम मागते. दुष्काळी जिल्ह्याला परवडत नाही ती जैवविविधता नव्हे, तर दरवर्षी त्याच खड्ड्यात लावलेले नवे रोप.

दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. गावच्या समितीत गावचेच पुढारी बसणार आणि पैसा जिरणार. शक्य आहे. पण मोठ्या निविदेत जिरणारा पैसा गावाला दिसतही नाही. दोन लाखांचा खर्च चावडीवर लिहून लावला तर कोणते झाड वाळले हे शेजारणीला माहीत असते. तपासणीची पद्धतही नव्याने शोधायला नको. रोजगार हमीत ‘बिहार पॅटर्न’ म्हणून ओळखली जाणारी रीत आपण आणलेलीच आहे: रस्त्याकडेच्या झाडांचा एक गट काही मजूर कुटुंबांकडे काही वर्षे सोपवायचा आणि मजुरी जगलेल्या झाडांच्या प्रमाणाशी जोडायची. तिला एक दुरुस्ती मात्र हवी. पाऊसच पडला नाही अशा वर्षी झाडे मेल्याचा दंड मजुराला होता कामा नये. राखणीची मूळ मजुरी ठरलेली असावी आणि जगण्याच्या प्रमाणावर वरचा हप्ता असावा.

तिसरी शंका कार्यालयातून येणार नाही, ती वस्तीवरून येईल, आणि मला ती सर्वात रास्त वाटते. गायरान म्हणजे नुसती मोकळी जमीन नव्हे. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कसली आहे. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने याच जिल्ह्यातून त्यांच्या हक्काची लढाई लढली. 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा 1991 चा शासन निर्णय अजून अनेकांच्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचलेला नाही. उद्या ‘जैवविविधता उद्याना’चा फलक लावून याच कुटुंबांना हुसकावले, तर तो निसर्गाच्या नावाने केलेला जुनाच अन्याय ठरेल. म्हणून या निधीला एक अट पहिल्या ओळीत हवी: कोणाच्याही कसवणुकीतल्या जमिनीवर तो खर्च होणार नाही, आणि समितीत भूमिहीन व पशुपालक कुटुंबांचे प्रतिनिधी असल्याशिवाय पहिला हप्ता सुटणार नाही. समितीत महिला किमान एक तृतीयांश असाव्यात हे 2004 च्या नियमांतच होते. सरपण, शेण आणि पाणी कोण आणते हे माहीत असलेल्याला त्याचे कारण समजावून द्यावे लागत नाही.

आता मागणी आकड्यांत. पहिल्या टप्प्यात जिल्ह्यातल्या नगरपरिषदा, नगरपंचायती आणि मोठी गावे मिळून पन्नास समित्या निवडाव्यात. प्रत्येकीच्या स्थानिक जैवविविधता निधीत वर्षाला दोन लाख रुपये, पाच वर्षे. एका राखणदाराला आठ महिने दरमहा दहा हजार धरले तर ऐंशी हजार होतात. उरलेल्यात पाणी, काटेरी कुंपण, वेडी बाभूळ काढण्याची मजुरी, रोपवाटिका आणि नोंदवही पुन्हा लिहिण्याचा खर्च बसतो. जिल्ह्यावर वर्षाला एक कोटीचा भार येतो. शेकडो कोटींच्या वार्षिक आराखड्यात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये, दुसरा फेब्रुवारीत द्यावा. न खर्चलेली रक्कम 31 मार्चला परत न घेता समितीच्या खात्यातच राहू द्यावी, कारण तिचा खरा उपयोग त्यानंतरच्या दहा आठवड्यांत आहे. दर जूनमध्ये पावसाआधी ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत मोजणी व्हावी. झाडांसोबत गवताचा माळ, ओढ्याचा काठ आणि दिसलेल्या पक्ष्यांच्या जातीही त्यात मोजाव्यात. ती मोजणी कायद्यात सांगितलेल्या वार्षिक अहवालातून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी आणि आपल्या समितीच्या बैठकीत वाचली जावी.

यातल्या एकाही गोष्टीसाठी मुंबईत कायदा बदलावा लागत नाही. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि धर्मापुरीच्या समितीला आपली नोंदवही घेऊन बोलवावे, ही विनंती.

आपला,
धर्मापुरीचा एक रहिवासी